पुराच्या आधी कंट्रोल रूममध्ये सोशल मीडियाचं टेबल कसं लावायचं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाऊस लागला की दिवसभर एकच प्रश्न फिरतो: किती फूट झालं? सांगलीत हाच प्रश्न आयर्विन पुलाचा असतो, तिथं ४० आणि ४५. चिपळूणमध्ये वाशिष्ठी मीटरमध्ये मोजतात, ५ ला इशारा आणि ७ ला धोका.

या प्रश्नाचं उत्तर लोकांना कुठून ना कुठून मिळतंच. कंट्रोल रूमने तासाला आकडा दिला नाही तर कुणीतरी २०१९ च्या पुराचा फोटो काढून ‘आत्ताचा’ म्हणून टाकतो आणि तो फोटो तासाभरात तालुकाभर पोचतो. तहसील, नगरपालिकेचं अग्निशमन दल, पोलीस ठाणं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष या सगळ्यांनी सोशल मीडियावर यायचं पहिलं कारण हेच. लोक तिथं आधीच बसलेले आहेत, आणि अधिकृत आवाज नसेल तर ती जागा रिकामी राहत नाही.

दुसरं कारण फोनचं. मोठ्या पुरात कक्षाच्या चार-सहा लाइन सतत एंगेज लागतात, आणि त्यातले बरेच फोन माहितीसाठी असतात: रस्ता चालू आहे का, शिरोलीजवळ हायवे बंद झाला का, शाळेला सुट्टी आहे का. ही उत्तरं एका पोस्टमध्ये गेली तर लाइन छपरावर बसलेल्या माणसासाठी मोकळी राहते. तिसरं कारण डोळ्यांचं. गावातल्या माणसाने पाठवलेला एक फोटो पाणी उंबऱ्याला आहे की खिडकीला, हे फोनवरच्या पाच मिनिटांपेक्षा स्पष्ट सांगतो.

प्रसिद्धी हे कारण यादीत नाही. मंत्र्यांच्या पाहणी दौऱ्याचे फोटो ज्या पेजवर जातात, त्या पेजवर पुराचा आकडा टाकू नका. लोक ते पेज म्यूट करतात आणि इशारा म्यूटमध्ये जातो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवा: कक्षाची नोंदवही हीच मूळ. व्हॉट्सॲप, फेसबुक, एक्स या त्या वहीत येणाऱ्या आणखी तीन फोनलाइन आहेत. मेसेज ग्रुपवर ‘पाहिला’ म्हणजे त्याची दखल घेतली गेली असं होत नाही. वहीत नंबर पडला तरच तो मेसेज आला असं समजायचं.

मे महिन्यात करायची कामं

खाती कार्यालयाच्या नावाने, कार्यालयाच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्या सिमवर उघडा. इथंच सगळ्यात जास्त वेळा फसगत होते. खातं एखाद्या उत्साही नायब तहसीलदाराच्या स्वतःच्या नंबरवर असतं, त्यांची बदली होते, आणि जुलैमध्ये लॉगिन करायला गेलं की ओटीपी दुसऱ्या जिल्ह्यातल्या फोनवर जातो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू ठेवायचंच, पण त्याचे बॅकअप कोड कागदावर छापून बंद पाकिटात, कार्यालयाच्या तिजोरीत. प्रत्येक पेजला किमान तीन ॲडमिन. त्यातला एक तरी सहज बदली न होणारा, म्हणजे आस्थापनेचा कायम कर्मचारी. सगळ्या खात्यांच्या लिंक जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर टाका, म्हणजे खरं हँडल कोणतं हे कुणालाही तपासता येईल.

व्हॉट्सॲपवर काय वापरायचं, याबद्दल गोंधळ फार. ग्रुपमध्ये १०२४ लोकांपर्यंत घेता येतात, पण सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि चार दिवसांत सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्ट लिस्टला २५६ ची मर्यादा आहे, शिवाय ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. नव्या सिमवरून एकदम शेकडो अनोळखी लोकांना मेसेज पाठवले तर नंबर ब्लॉक होतो. लोकांना माहिती द्यायला चॅनल घ्या: एकतर्फी, नंबर लपलेले, गर्दीची अडचण नाही. ग्रुप फक्त आतल्या माणसांचा: तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल, सरपंच, आशाताई. तालुक्याला एक, मोठ्या तालुक्यात मंडलनिहाय. त्या ग्रुपवर ‘ओके सर’ आणि अंगठे बंद, नाहीतर पाण्याची बातमी त्या अंगठ्यांखाली गाडली जाते.

माणसं एका पाळीला तीन. एक वाचणारा, एक फोन करून खातरजमा करणारा, एक लिहिणारा. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या म्हणजे नऊ, आणि दोन राखीव. छोट्या तहसीलमध्ये वाचणारा आणि लिहिणारा एकच चालेल, पण खातरजमा करणारा वेगळाच हवा. पोस्ट लिहायच्या घाईत फोन करायचा राहतो, नेहमी तोच राहतो. पाळी बदलताना अर्धा तास दोघांनी एकत्र बसायचं आणि उघड्या नोंदी एकेक करून तोंडी सांगायच्या.

सामान फार लागत नाही. कार्यालयाचे दोन अँड्रॉइड फोन, दोन वेगळ्या कंपन्यांचे सिम, एक लॅपटॉप, चार पॉवर बँक, यूपीएस आणि जनरेटरच्या लाइनवरचा एक प्लग. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेलवर, आणि डिझेल पोचलं नाही की बंद. म्हणून पोलीस वायरलेसचा सेट त्याच टेबलावर हवा. महत्त्वाचे नंबर कागदावर, मोठ्या अक्षरात.

परवानगीचा घोळही मेमध्येच मिटवा. मजकुराचे तीन वर्ग करा. नदीची पातळी, बंद रस्ते, पावसाचा आकडा हे लिहिणाऱ्याने कुणालाही न विचारता टाकायचं. घर सोडा, अमुक रस्त्याने जाऊ नका, असा आदेश असेल तर तहसीलदार किंवा प्रांत (उपविभागीय अधिकारी) यांची संमती, दहा मिनिटांत, फोनवर, वेळ वहीत लिहून. मृत, बेपत्ता, धरणाची सुरक्षितता याबद्दल फक्त जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक. हे ठरलेलं नसेल तर रात्री दोनला ‘साहेब उचलत नाहीत’ म्हणून इशारा तासभर पडून राहतो.

पोस्ट कशी लिहायची

आधी एक वाईट नमुना. असे मेसेज दरवर्षी दिसतात:

‘नागरिकांना कळविण्यात येते की, पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टीमुळे धरणातून विसर्ग वाढविण्यात आला असून नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’

कोणतं धरण? कोणती गावं? कधी लिहिलं? सतर्क राहावं म्हणजे नेमकं काय करावं? वाचणारी बाई पुन्हा मुलाला फोन करते, मुलगा कंट्रोल रूमला लावतो, आणि लाइन पुन्हा एंगेज.

आता हाच मेसेज कामाचा करून. आकडे नमुन्यादाखल आहेत:

‘२४ जुलै, संध्याकाळी ६.००. करवीर तालुका.
राजाराम बंधारा ४१ फूट ३ इंच, पाणी चढतंय. (इशारा ३९, धोका ४३)
प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतल्या नदीकाठच्या घरांनी आज रात्री ८ च्या आत बाहेर पडा. जनावरं सोबत घ्या, छावणीत दावण आणि वैरण आहे. छावणी: (जागेचं नाव).
वाहन हवं असेल तर तलाठी, ११२ किंवा कक्ष ०२३१-(पुढचा नंबर).
पुढची माहिती रात्री ८.०० ला.’

पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ, कारण फेसबुक पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवत नाही. मंगळवारची ‘पाणी चढतंय’ गुरुवारी कुणाच्या तरी समोर येते आणि उतरणाऱ्या पाण्यात गाव पुन्हा घाबरतं. फोटोवरही तारीख-वेळ लिहा, कारण फोटो पोस्टपासून सुटून एकटा फिरतो. आकड्यासोबत चढतंय, स्थिर की उतरतंय हा शब्द हवाच. लोक आकड्याआधी तो शब्द शोधतात.

जनावरांची ओळ विसरू नका. नदीकाठचा शेतकरी घर सोडत नाही तो हट्टाने नव्हे, गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या असतात म्हणून. माणसांच्या निवारा केंद्राचा पत्ता दहा वेळा टाकला आणि गुरांची सोय सांगितली नाही, तर घरातली बाया-पोरं येतात, कर्ता माणूस मागे राहतो, आणि पहाटे बोट त्याच्यासाठीच पाठवावी लागते.

शेवटची ओळ, पुढची माहिती कधी, ही लोकांना फोनपासून थोडा वेळ मोकळं करते. मात्र ८ म्हटलं की ८. नवं काही नसेल तर ‘४१ फूट ३ इंच, स्थिर’ एवढंच टाका, पण टाका.

क्युसेकचे आकडे पत्रकारांसाठी ठेवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे सांगूनही कुणाच्या अंगणात पाणी येणार ते कळत नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ एवढंच टाकलं की शहरात धावपळ होते. पाटबंधारे विभागाला विचारा: पातळी किती वाढेल, कोणत्या बंधाऱ्यापर्यंत, किती तासांनी. ते मिळालं की दरवाज्याची बातमी त्याच्यासोबत द्या. तसंच कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याच्या फुगवट्याबद्दल पेजवर दरवर्षी वाद पेटतो. त्या वादात टेबलाने पडू नये. तिथं उत्तर देणाऱ्याचा वेळ एखाद्या छपरावरच्या माणसाचा असतो.

सगळा मजकूर एका रंगीत पोस्टरमध्ये कोंबू नका. नेट कमजोर असलं की पोस्टर उघडत नाही, त्यातला फोन नंबर दाबून लावता येत नाही, आणि अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. आधी साधा मजकूर, पोस्टर नंतर. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंगही शब्दांत लिहा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

एसएमएसची वेगळी अडचण आहे. देवनागरी एसएमएस ७० चिन्हांचा असतो, त्यापुढे तो तुकड्यांत जातो. ‘कोल्हापूर’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, फोन मात्र काना, मात्रा आणि हलन्त सुटे धरून नऊ मोजतो. हा मेसेज ६८ मध्ये बसतो (१०७७ हा जिल्ह्याच्या कक्षाचा नंबर):

‘पंचगंगा ४१ फूट. प्रयाग चिखली, आंबेवाडी रात्री ८ आधी रिकामी करा. १०७७’

एकगठ्ठा एसएमएसचा साचा दूरसंचार नियमांप्रमाणे आधी नोंदवावा लागतो. नोंदवलेला नसेल तर मेसेज वाटेतच अडतो. म्हणून असे दहा-बारा साचे, फक्त गाव आणि आकडा रिकामा ठेवून, मेमध्येच नोंदवून घ्या. आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी देवळाचा भोंगा आणि कोतवालाची दवंडी आहेच. त्यांना वाचून दाखवायचा मजकूर याच टेबलावरून, याच शब्दांत जायला हवा. भोंग्यावर ८ आणि चॅनलवर ९ असं झालं की लोक दोन्हींवरचा विश्वास सोडतात.

मदतीची हाक आली तर

पेजवर वर पिन करून ठेवा: ‘अडकला असाल तर ११२ किंवा १०७७ ला फोन करा. इथं लिहून वाट पाहू नका.’ तरीही लोक लिहितातच, फोन लागत नसतो म्हणून. त्यामुळे कमेंट आणि इनबॉक्स दर पंधरा मिनिटांनी वाचायचे. ते शक्य नसेल तर इनबॉक्स बंद ठेवून तसं ठळक लिहा. उघडा पण न वाचलेला इनबॉक्स सगळ्यात घातक.

१०७७ बद्दल एक बारकावा. हा नंबर प्रत्येक जिल्ह्याच्या कक्षाचा आहे. शिरोळमधल्या आई-वडिलांसाठी पुण्यातल्या मुलाने तो लावला तर फोन पुण्याच्या कक्षात वाजू शकतो. म्हणून प्रत्येक पोस्टमध्ये एसटीडी कोडसह कक्षाचा पूर्ण नंबर द्या. कोल्हापूरसाठी ०२३१ ने सुरू होणारा. पुरात निम्म्या हाका बाहेरगावच्या नातेवाइकांच्याच असतात, हे धरूनच चाला.

नोंदीत हे हवं: क्रमांक, वेळ, कुठून आली, मूळ शब्द जसेच्या तसे, गाव आणि तालुका, खूण, माणसं किती, त्यात म्हातारे, गरोदर, आजारी, लहान मुलं किती, पाणी घोट्याला की कमरेला, जागेवरचा फोन नंबर, बॅटरी किती टक्के, दुसरा नंबर. पुढे कोणतं पथक दिलं आणि काय झालं. स्थितीसाठी पाचच शब्द ठेवा: नवीन, खात्री झाली, पथक निघालं, सुटका झाली, दुबार. एक्सेल किंवा गूगल शीट चालेल, पण तासाला प्रिंट किंवा हाताने वहीत उतरवा, नेट गेल्यावर ती शीट उघडणार नाही.

गावाचं नाव एकट्याने कधीच लिहू नका. चिखली करवीरला आहे, कागलला आहे, पिंपरी-चिंचवडला आहे आणि बुलढाण्यातही आहे. शिरोली पुलाची हातकणंगल्यात, शिरोली दुमाला करवीरमध्ये. बाहेरून आलेल्या पथकाने बोट भलत्या शिरोलीला नेली तर जाण्या-येण्यात दोन तास जातात.

लोकेशनचा घोटाळा याहून मोठा. मुलगा पुण्यात बसून ‘आईचं लोकेशन’ म्हणून स्वतःच्या फोनवरून पिन पाठवतो, ती पिन पुण्याची असते. घाईत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तपासायला सोपा मार्ग आहे. पिनचे आकडे बघा. कोल्हापूर जिल्ह्यात पहिला आकडा १५, १६ किंवा १७ ने आणि दुसरा ७३ किंवा ७४ ने सुरू होतो. १८.५ आला तर पुणे, १९ आणि ७२ आला तर मुंबई. जागेवरच्या माणसाकडूनच पिन मागा, आणि ‘करंट लोकेशन’ मागा. ‘लाइव्ह लोकेशन’ आठ तासांपर्यंत चालू राहून त्याची उरलेली बॅटरी खातं. नेट नसेल तर फोनच्या नकाशात आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरायला सांगा, मिळालेले आकडे तो फोनवर वाचून दाखवू शकतो. दशांशानंतर चार आकडे पुरे, त्याने सुमारे अकरा मीटरपर्यंत जागा मिळते. एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) पथकाला ‘पाटलांच्या मळ्यामागे, वडाजवळ’ कळत नाही, आणि वड पाण्यात असेल तर गावकऱ्यालाही तो लांबून ओळखू येत नाही.

मग खातरजमेचा फोन. विचारायचं थोडकं, क्रमाने: तुम्ही स्वतः तिथं आहात का? आत्ता पाणी कुठपर्यंत आहे? किती जण? कुणाला औषध, ऑक्सिजन, डायलिसिस? गच्चीवर जाता येतं का? शेवटी सांगायचं: फोन बंद ठेवा, दर तासाला पाच मिनिटं चालू करा, आमचा फोन त्याच वेळेत येईल. फोन लागला नाही तर पोलीस पाटलांना लावा. दोघांकडून काहीच कळत नसेल तर हाक खरी धरून पथकाला द्या, शेरा ‘खात्री नाही’. शंका असली तरी नोंद फेकायची नाही.

दुबार नोंदी तर ढिगाने येतात. केरळच्या २०१८ च्या पुरात लोकांची सुटका झाल्यावरही त्यांच्या हाका फिरतच राहिल्या, हे सगळ्यांनी पाहिलं. एकाच घराची हाक भाऊ, मावशी, शेजारी आणि चार अनोळखी माणसं पाठवतात. शीट फोन नंबरवर लावून बघा, मग घरमालकाच्या आडनावावर, मग खुणेवर. दुबार पुसायची नाही, मूळ क्रमांकाला जोडायची, कारण चौथ्या मेसेजमध्ये कधी ‘आजीला दम आहे’ ही एकच नवी ओळ असते. सुटका झाली की ज्या पोस्टवरून हाक आली तिच्याखाली लिहा: ‘या कुटुंबाची सुटका झाली, २५ जुलै, सकाळी ७.१०. कृपया पुढे पाठवू नका.’ मूळ पोस्ट टाकणाऱ्याला ती काढायला सांगा.

बोट कुठे आणि किती वाजता येणार, हे उघड पोस्टमध्ये कधीही नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि लोकांचे जीव गेले. घाटावर एकदम गर्दी झाली की बोटवाल्यालाही ‘नाही’ म्हणणं जड जातं. वेळ फक्त त्या कुटुंबाला आणि पोलीस पाटलांना फोनवर सांगा.

फोन नंबर, आजार, घराची जागा हे सगळं आतच ठेवायचं. अडकलेल्या बाईचा नंबर उघड पोस्टवर गेला की तिच्या फोनची उरलेली बॅटरी अनोळखी चौकशा संपवतात, आणि रिकाम्या घरांची यादी चोरालाही मिळते. सुटका झालेल्यांचे, विशेषतः मुलांचे आणि मृतांचे चेहरे दिसणारे फोटो नकोत. घरच्यांना कळायच्या आधी फोनवर ते दिसणं किती भयंकर असतं, हे विचार करूनच अंगावर काटा येतो.

अफवा

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. मागे व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. अफवेने काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुरात ठरलेली अफवा म्हणजे ‘धरण फुटलं’. तिच्यावर चिडू नका. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत खरंच फुटलं, आणि २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण खरंच फुटलं. घाबरून विचारणारा माणूस मूर्ख नसतो. आधी धरणावरच्या शाखा अभियंत्याला फोन करा, पातळी आणि वेळ घ्या, शक्य असेल तर भिंतीचा आत्ताचा फोटो. मग जिल्हाधिकाऱ्यांची संमती घेऊन सत्य पहिल्या ओळीत: ‘धरण सुरक्षित आहे. रात्री ९.४० ला अभियंत्यांनी जागेवरून खात्री केली.’ अफवा शेवटी, एका ओळीत. खोटा फोटो जसाच्या तसा पुन्हा टाकू नका. टाकायचाच तर त्यावर आडवं, चेहऱ्यासारख्या मधल्या भागावर ‘खोटं’ लिहा. कडेला लिहिलेला शिक्का कापून फोटो पुन्हा फिरतो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पोलिसांनी जानेवारी २०११ च्या पुरात प्रत्येक खुलाशाला ‘मिथबस्टर’ हा एकच हॅशटॅग लावला, म्हणजे पत्रकारांना आणि लोकांना सगळे खुलासे एका जागी सापडायचे. आपल्याकडे ‘#अफवानको_जिल्ह्याचंनाव’ असा एक शब्द मेमध्ये ठरवा आणि तोच वापरा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ मध्ये घबराट पसरवणाऱ्या खोट्या इशाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. ते सांगा, पण खुलाशाच्या पहिल्या ओळीत धमकी नको. धमकी वाचली की लोक खरी शंकाही विचारायचं सोडतात, आणि तिवऱ्यासारख्या रात्री पहिली खबर गावातूनच यायला हवी.

जुना फोटो ओळखायला गूगल लेन्समध्ये टाका. सापडला नाही तर फोटोतच बघा: दुकानाची पाटी, फ्लेक्सवरची तारीख आणि चेहरे, एसटीचा बोर्ड, खांबावरची पाण्याची रेघ. आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग, तिथल्या कोतवालाकडून त्याच कोपऱ्याचा आत्ताचा फोटो मागवणं.

पाणी उतरताना

‘पाणी उतरतंय’ ही पोस्ट जपून लिहा. ती वाचून लोक त्याच रात्री घराकडे निघतात. त्याच पोस्टमध्ये लिहा: महावितरणने लाइन तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका, ओल्या गवतात आणि चुलीच्या कोनाड्यात साप असतात, काठी आपटूनच आत जा. पंचनाम्याला काय लागतं, तलाठी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत येणार, हे वाडीच्या नावासह टाका. याच दिवसांत मदतनिधीच्या नावाने खोटे यूपीआय कोड फिरतात. खरा खाते क्रमांक सरकारी संकेतस्थळावरून घेऊन पेजवर पिन करा.

एकही नोंद ‘नवीन’, ‘खात्री झाली’ किंवा ‘पथक निघालं’ या स्थितीत राहिली असेल तर टेबल बंद करायचं नाही. प्रत्येकाला फोन करायचा. त्यानंतर लोकांचे नंबर फोनमधून काढा आणि नोंदवही सीलबंद करून ठेवा.

पुढच्या मेमध्ये याच वहीतून सरावाच्या चिठ्ठ्या काढता येतात. नावं आणि नंबर बदलून पन्नास चिठ्ठ्या लिहा. त्यात दहा दुबार, पाच चुकीच्या गावाच्या, तीन जुन्या फोटोच्या आणि दोन पुण्याच्या पिन असलेल्या असू द्या. दोन तासांत एका पाळीला द्या, अर्ध्यावर वीज बंद करा आणि नेटही. शेवटी वही आणि शीट जुळतात का ते बघा. जिथं जुळत नाहीत, तिथं कोणतं घर सुटलं, त्या चिठ्ठीचा नंबर फळ्यावर लिहा आणि तीच चिठ्ठी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली द्या.